फाल्गुनातली आवराआवर

फाल्गुन लागला की आमच्या शहापूर-मुरबाडकडे घरोघरी परसाची आवराआवर सुरू होते. पेंढा माचावर चढलेला असतो, वालाच्या शेंगा संपत आलेल्या असतात, सागाची पानं अंगणभर कुरकुरत असतात. पावसाला अजून तीन महिने आहेत खरे, पण सरपण भरायचं, कुंपण नीट करायचं, कौलं चाळायची, झाडांना आळी करायची आणि शेत असेल तर राब भाजायचा. शिमग्याच्या आगेमागे ही सगळी कामं एकदम अंगावर येतात. डॉक्टर म्हणून मला त्यांचा वेगळाच हिशोब ठाऊक आहे. रविवारी गावात कुणी काय काम केलं ते सोमवारच्या ओपीडीत कळतं. कुणाची कंबर धरलेली, कुणाच्या तळव्यात बाभळीचा काटा, कुणाचं अंग खाजकुयलीने लाल झालेलं, कुणाचा दमा उसळलेला.

आमच्या घरालाही जुनं परस आहे. दोन आंबे, एक फणस, शेवगा, विहिरीजवळ केळी आणि मागे मोडक्या गोठ्याचं सामान. परवाच्या रविवारी ते सगळं आवरायला काढलं. मी, बायको, सूचना द्यायला ओट्यावर बसलेली माझी आई, आणि जवळच्या पाड्यावरून दरवर्षी येणारं एक जोडपं. त्या दिवसात जे जे घडलं आणि करावं लागलं, ते तुम्हाला सांगतो. तुमच्या परसातही यातलं बरंचसं होणारच आहे.

सुरुवात सकाळी साडेसहाला केली. याला शिस्त म्हणा किंवा भीती म्हणा. लोक उन्हाळा म्हणजे एप्रिल-मे समजतात, पण फेब्रुवारी २०२५ मध्येच हवामान खात्याने ठाणे-मुंबईकडच्या पट्ट्याला उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला होता. सीझनच्या सुरुवातीचं ऊन जास्त बाधतं, कारण शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. तेवढ्या काळात घाम लवकर सुटायला लागतो आणि घामातून मीठ कमी जायला लागतं. ही तयारी व्हायच्या आधीच आपण एका रविवारी आठ तास कुदळ मारतो. ज्यांना बीपीसाठी लघवी जास्त होण्याची गोळी चालू आहे, त्यांनी तर अकरानंतर सावलीत यावंच. गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. आणि पाणी तहान लागल्यावर नव्हे, कामाच्या मध्ये मध्ये प्या. ताक उत्तम, पण बीपीवाल्यांनी त्यात मूठभर मीठ घालू नये.

पहिलं काम गोठ्यामागची जुनी कौलं आणि लाकडं हलवायचं. या कामाला मी सर्वात जास्त घाबरतो. गेल्या पावसाळ्यापासून न हललेला ढीग म्हणजे कुणाचं तरी घर असतं. म्हणून आधी लांब काठीने ढीग ठोकायचा, खडखडाट करायचा, थोडं थांबायचं, मग वरून एकेक कौल उचलायचं. कौल आपल्याकडे ओढताना खालची कड आपल्यापासून लांब उघडेल असं धरायचं. हात फटीत घालायचा नाही. पायात चप्पल नको, बूट हवेत. हातमोजे जाड हवेत. हे सगळं मी त्या जोडप्याला सांगितलं, मोजेही दिले. मावशींनी अर्धा तास घातले आणि मग काढून कमरेला खोचले. "याच्यात बोटांना काय कळतच नाय, डॉक्टर," म्हणाल्या. त्यांचंही बरोबर होतं. चाळीस वर्षं ज्या बोटांनी लावणी केली, त्यांना रबरात कोंडलं की काम सुचत नाही.

नऊच्या सुमाराला त्यांनी हात झटकला. कौलाखालून बोटभर लांबीचा, तांबूस, बारीक नांगीचा विंचू निघाला होता.

इथे जरा थांबून सांगायला हवं. आपल्याकडे दोन प्रकारचे विंचू लोकांना माहीत असतात. एक मोठा काळा, ज्याला आपण इंगळी म्हणतो. तो दिसायला भयंकर, ठणकाही देतो, पण जिवावर सहसा बेतत नाही. दुसरा हा लहान लाल विंचू. कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याला हाच खरा धोक्याचा. आणि दोन्हींना मिळून "विंचू चावला" एवढाच एक शब्द असल्यामुळे मांत्रिकाचं फावतं. इंगळीचा रुग्ण काही तासांत आपोआप बरा होणारच असतो, त्याचं श्रेय उताऱ्याला जातं. पुढे लाल विंचवाचा रुग्णही त्याच दारात बसवला जातो आणि हातातले मोलाचे तास निघून जातात.

लाल विंचवाचं विष शरीरातली ॲड्रेनलिनसारखी रसायनं एकदम मोकळी करतं. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, बीपी चढतं, हृदयाला त्या आवळलेल्या नळ्यांविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. ते थकलं की फुप्फुसात पाणी साचतं आणि माणूस गुदमरतो. हे सगळं चावल्यानंतरच्या काही तासांत होतं. लहान मुलांत जास्त वेगाने होतं, कारण विष तेवढंच आणि शरीर छोटं. आता यातली विचित्र गोष्ट ऐका. चावलेल्या जागेचा ठणका हा धोक्याचा मापक नाही. खूप ठणका आहे आणि बाकी काही नाही, असा रुग्ण बहुतेक वेळा सुखरूप असतो. ठणका फारसा नाही, पण उलटी झाली, दरदरून घाम फुटला, हातपाय गार पडले, तोंडाला लाळ सुटली, तर तो रुग्ण धोक्यात आहे. मुलगा किंवा पुरुष असेल तर लिंगाला ताठरपणा येतो. लाजेने हे कुणी सांगत नाही, पण डॉक्टरसाठी ती अतिशय महत्त्वाची खूण आहे. न लाजता सांगा.

ही माहिती आज माझ्यासारख्या डॉक्टरला सहज उपलब्ध आहे, त्यामागे महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर आहेत. १९७०च्या दशकाच्या अखेरीस ते रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करत होते. विंचवाने माणसं, विशेषतः पोरं, त्यांच्या डोळ्यांदेखत दगावत होती. त्यांनी एकेका रुग्णाजवळ बसून लक्षणं टिपली, 'लॅन्सेट'मध्ये लिहिली, आणि प्राझोसिन ही बीपीची साधी, तोंडाने घ्यायची गोळी या रुग्णांना वाचवते हे दाखवून दिलं. ही गोळी त्या आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करते. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठं इस्पितळ नाही, महागडं यंत्र नाही, तरी खेड्यात बसून जगाला उपयोगी पडेल असं संशोधन होऊ शकतं, हे आमच्या पिढीला त्यांच्याकडे बघून कळलं.

तर मावशी. त्यांना ओट्यावर आडवं केलं. हात साबणाने धुतला, बर्फ फडक्यात गुंडाळून जागेवर ठेवला. बांगड्या उतरवल्या, कारण हात सुजला की त्या रुततात. त्यांचा नवरा म्हणाला, "पाड्यावर एक म्हातारा आहे, उतरवतो. अर्ध्या घंट्यात येऊ." मी म्हटलं, "दादा, म्हाताऱ्याला इकडंच बोलवा, त्यांनी हवं ते म्हणावं. मावशी जागच्या हलणार नाहीत." माझा अनुभव असा, की श्रद्धेशी भांडण काढलं की रुग्ण हातचा जातो. श्रद्धेला गाडीत बसवून इस्पितळात नेलं की सगळ्यांचंच भागतं.

वीस मिनिटांत त्यांच्या कपाळावर घाम आला. ऊन होतं, काम केलेलं होतं, घाम येणारच असं कुणीही म्हणालं असतं. पण पंख्याखाली निजलेल्या माणसाचं कपाळ ओलं आणि तळवे गार, हे उन्हाच्या घामाचं लक्षण नव्हे. मग एक उलटी झाली. बीपी चढलेलं होतं. प्राझोसिनची पहिली गोळी घरीच दिली आणि गाडीत आडवं घालूनच शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात नेलं. आडवं का, तर ही गोळी बीपी उतरवते. रुग्ण पटकन उठून बसला किंवा लघवीला चालत गेला तर चक्कर येऊन पडतो. म्हणून ही गोळी वाचून स्वतः घरात आणून ठेवू नका. ती बीपी बघून, वजन बघून, देखरेखीखाली द्यायची आहे. मावशी रात्रभर तिथे होत्या. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी दर थोड्या वेळाने तपासलं, गोळ्या पुन्हा दिल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी गेल्या.

गाडीत असताना त्यांनी मला विचारलं होतं, "आजचा रोज कापशील का?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्या पुस्तकात नाही. रोज कापला नाही हे सांगायची गरज नाही, पण तो प्रश्न पडावा लागतो हे सांगायला हवं. आपल्या परसात कामाला येणाऱ्या माणसाला विंचू चावला, तर इस्पितळात जायचं की नाही हे तो रोजाच्या हिशोबाने ठरवतो. ते ठरवायची वेळच त्याच्यावर येऊ नये, एवढं घरमालक म्हणून आपल्या हातात असतं.

मी गेल्यावर्षी एक छोटी जांभळ्या प्रकाशाची टॉर्च घेतली आहे, नोटा तपासायला दुकानदार वापरतात तशी. अंधारात तिचा प्रकाश पडला की विंचू हिरवट-निळा चमकतो. रात्री मोरी, अंथरूण, चपला, लाकडांची रास त्या प्रकाशात एकदा बघून घ्यायची. नातवंडांना गंमत, आपल्याला उपयोग.

सापाचंही सांगतो, पण थोडक्यात. त्यावर पावसाळ्याआधी वेगळं लिहीन. आपल्याकडे विषारी म्हणून चार लक्षात ठेवा, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळे साप ओळखायला त्याच्या मागे धावू नका आणि मारून पिशवीतून आणू नका. भारतात २००० ते २०१९ या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसं गेली, असा २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचा अंदाज आहे, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. यातले बहुतेक खेड्यातले. दोरी आवळून बांधायची नाही, चिरा द्यायचा नाही, चोखायचं नाही. हातपाय फळीला बांधून न हलवता १०८ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने निघायचं. आणि उकाडा सुरू झाला की आपण ओट्यावर, जमिनीवर झोपायला लागतो, तिथे मण्यार येते. तिचा दंश झोपेत कळतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरच्यांना वाटतं रात्रीचं जेवण बाधलं. खाटेवर झोपा, नाहीतर मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचून झोपा. मच्छरदाणीचा हा दुसरा उपयोग फार मोलाचा आहे.

इस्पितळातून परत आलो तेव्हा बाकीचं अंगण झाडून झालं होतं आणि आईने पाल्याच्या ढिगाला काडी लावायची तयारी केली होती. हा आमचा दरवर्षीचा वाद. आई ब्याऐंशीची, चुलीवर आयुष्य गेलेलं. बिडी कधी ओढली नाही, पण तिची फुप्फुसं ओढणाऱ्यासारखी झाली आहेत. चुलीच्या धुराने बायकांना असंच होतं, आणि घराघरातल्या "आजीला जुना खोकला आहे" या वाक्यामागे बऱ्याचदा तेच असतं. तिचं म्हणणं, धुराने मोहोरावरचे तुडतुडे जातात, पाला ठेवला तर वाळवी लागते आणि विंचू होतात. "बघ, आजच निघाला की नाही!" असं म्हणून तिने मला गप्पही केलं.

तिसरा मुद्दा खोटा नाही. घराच्या भिंतीला लागून पालापाचोळा ठेवणं म्हणजे विंचवाला आवतणच. पण जाळणं हा एकच उपाय नाही. सकाळी आणि संध्याकाळी हवा थंड आणि स्थिर असते, तेव्हा लावलेल्या पाल्याचा धूर वर जात नाही, अंगणात, घरात, शेजाऱ्यांच्या माजघरात जमिनीलगत पसरतो. त्यातले बारीक कण श्वासनळीच्या टोकापर्यंत जातात. दम्याच्या माणसाला त्या रात्री बसून काढावी लागते. पाल्यात प्लास्टिकची पिशवी, गुटख्याच्या पुड्या गेल्या की आणखी वाईट. आम्ही शेवटी परसाच्या पार टोकाला गुडघाभर खड्डा केला, पाल्याचे थर, शेणकाला, वरून माती, आणि दर चार दिवसांनी दोन बादल्या वापरलेलं पाणी. मातीने झाकलं की विंचवाला जागा राहत नाही. आईने खड्डा बघितला, "बरं," म्हणाली, आणि तिच्या वाट्याचा एक छोटा ढीग चुलीसाठी बाजूला काढला. तेवढं मी सोडून दिलं.

शेतातल्या राबाबद्दल मात्र मी असं छातीठोक बोलत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं रोप जिथे तयार करायचं त्या तुकड्यावर शेण, झाडाच्या तोडलेल्या फांद्या, पाला, गवत असे थर रचतात, वरून बारीक माती टाकतात आणि ते हळूहळू धुमसू देतात. तणाचं बी मरतं, राखेतून पालाश मिळतं, रोप जोमदार येतं. पिढ्यान् पिढ्यांचं शहाणपण आहे ते. पण दिवस दिवस त्या धुरात वाकून काम करणारी बाई संध्याकाळी माझ्यासमोर खोकत बसते, हेही खरं. शेजारच्या कर्जत तालुक्यात नेरळचे चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्र रुजवलं आहे. गादीवाफ्यावर थेट बी टोचायचं, त्यामुळे राब नाही, चिखलणी नाही, लावणी नाही. मी शेतीतज्ज्ञ नाही, तुमच्या जमिनीला ते मानवेल का हे कृषी सहायकाला विचारा. डॉक्टर म्हणून मला त्यात धूर कमी आणि चिखलात उभं राहणं कमी एवढं दिसतं. चिखल कमी म्हणजे भेगाळलेल्या पायांतून शिरणाऱ्या लेप्टोची भीतीही कमी. ज्यांना राब भाजायचाच आहे त्यांनी वाऱ्याच्या पाठीशी उभं रहावं, तोंडाला ओलं फडकं बांधावं, आणि दम्याचं माणूस, गरोदर बाई, तान्हं मूल त्या दिवशी तिथे आणू नये.

दुपारनंतरची कामं हलकी होती. कुंपणावरच्या वाळलेल्या वेली काढताना खाजकुयलीच्या शेंगांपासून सावध रहा. लागलीच तर चोळू नका, चोळल्याने कुसं आणखी रुततात. चिकटपट्टी लावून ओढा, ती कुसं घेऊन येते, मग धुवा. आंब्याची फांदी छाटताना चीक अंगावर उडाला तर लगेच साबणाने धुवा. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच घराण्यातले, तिघांचाही चीक कातडी भाजतो. बिब्बा गुडघ्याला लावून घेऊन फोड आलेले दोन-तीन रुग्ण मला दर उन्हाळ्यात बघावे लागतात.

माझ्या स्वतःच्या अंगठ्याला तार लागली. बायकोने लगेच विचारलं, "इंजेक्शन?" धनुर्वाताचे जंतू गंजात नसतात, मातीत आणि शेणात असतात, त्यामुळे गंजका खिळा आणि गोठ्यातला काटा दोन्ही सारखेच. पण प्रत्येक खरचटण्याला, दर सहा महिन्यांनी इंजेक्शन घेण्याचीही गरज नाही. लहानपणीचे डोस पूर्ण झालेले असतील, तर स्वच्छ किरकोळ जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं होऊन गेली असतील तरच, आणि माती-शेण लागलेल्या किंवा खोल जखमेला पाच वर्षं झाली असतील तर डोस घ्यावा. आता टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचंही संरक्षण असतं. तारीख मोबाईलमध्ये लिहून ठेवा. ज्यांना डोस कधी झालेच आहेत की नाही हे माहीत नाही, विशेषतः साठीच्या पुढच्या शेतकरी बायका-पुरुषांनी, ते पूर्ण करून घ्यावेत.

शेवटचं काम पिंपांचं. भातसा, तानसा, वैतरणा आमच्या तालुक्याच्या अंगाखांद्यावर, पाणी मुंबईला, आणि मार्च सरला की आमच्याच पाड्यांवर टँकरची वाट. त्यामुळे घरोघरी निळी पिंपं भरलेली. कुणाला "पाणी साठवू नका" असं मी कुठल्या तोंडाने सांगणार? डेंग्यूचा डास याच स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करायचं. पण नुसतं ओतून उपयोग नाही. डासाची अंडी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी महिनोन् महिने टिकतात आणि पाणी आलं की फुटतात. काथ्याने आतली भिंत खसखसून घासायची, तळ नव्हे, भिंत. टँकरचं पाणी ओतून द्यायला जीव होत नसेल तर ते जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून दुसऱ्या पिंपात गाळून घ्या, अळ्या फडक्यात राहतील, आणि रिकामं झालेलं घासा. वरून तेच फडकं दोरीने ताणून बांधा, झाकण नुसतं टेकवलेलं डासाला अडवत नाही. आमच्याकडे पाच पिंपं होती, घासायला पाऊण तास लागला. त्यातल्या तिसऱ्यात अळ्या होत्या, हे इथे लिहून ठेवतो. मार्च महिना, टळटळीत ऊन, आसपास कुठे डबकं नाही, आणि डॉक्टरच्या घरात.